अक्षरी एकशे पासष्ट फक्त

लग्नाच्या बाजारात वय कमी करून सांगण्याचा हक्क वधूपक्षाला आणि पगार वाढवून सांगण्याचा हक्क वरपक्षाला पूर्वापार मिळालेला आहे. उंचीच्या बाबतीत मात्र दोन्ही पक्ष एकाच माळेचे मणी. माझ्या लग्नाचा बायोडाटा आमच्या मामांनी लिहिला. मामा जिल्हा परिषदेत हेडक्लार्क होते. त्यामुळे कागदावर काय लिहावं यापेक्षा काय लिहू नये याचं त्यांना ज्ञान जास्त. त्यांनी विचारलं, "उंची किती रे तुझी?"

"पाच फूट पाच इंच."

मामांचा पेन थांबला. "असं लिहून चालायचं नाही. पोरीकडचे त्यातून दोन इंच वजा करणार. म्हणजे तू उरलास पाच-तीन. आपण पाच-सात लिहू. दोन वजा गेले की बरोबर पाच-पाच!"

मी कॉमर्सचा पदवीधर. घसारा वजा जाता उरते ती खरी किंमत, हे तत्त्व कॉलेजात तीन वर्षं घोकलेलं. मला हिशेब ताबडतोब पटला. २००६ साली लग्न झालं आणि ते पाच-सात माझ्या अंगवळणी पडले. जिथं जिथं उंचीचा रकाना आला तिथं तिथं मी बेलाशक १७० सेंटिमीटर लिहीत गेलो. आपण खोटं लिहितोय असं मनातसुद्धा यायचं नाही. पुढच्या अठरा वर्षांत माझी उंची अशी कागदावर वाढली आणि वजन प्रत्यक्षात.

किनवटच्या ज्या शाखेत मी कारकून आहे (हल्ली या हुद्द्याला लांबलचक इंग्रजी नाव मिळालंय, काम तेच आहे), तिथं माझं चांगलंच वजन आहे असं मी चारचौघांत सांगायचो. ते फक्त खुर्चीला जाणवतं, असं आमचा शिपाई चारचौघांत सांगायचा. अठ्ठ्याण्णव किलो! आमच्या भागात सुटलेलं पोट हे खात्यापित्या घराचं लक्षण समजतात, त्यामुळे त्यात काही गैर आहे असं कुणी म्हणत नसे. उलट एखाद्या लग्नाच्या पंगतीत मी दुसरी जिलबी नको म्हटलं, तर यजमानांचा चेहरा उतरायचा.

गैर आहे हे पहिल्यांदा माझ्या मुलीच्या लक्षात आलं. ती दहावीला होती. रात्री जागून अभ्यास करायची आणि शेजारच्या खोलीत मी घोरायचो. एके दिवशी तिनं मला एक वही दाखवली. मला वाटलं, गणिताची. आत तारखा होत्या आणि तारखेपुढं चार उभ्या रेघांवर एक आडवी अशा, धान्याची पोती मोजताना मोंढ्यात ओढतात तशा रेघा होत्या.

"हे काय ग?"

"बाबा, तुमचं घोरणं मधेच बंद पडतं. श्वासच थांबतो. मग एकदम दचकून सुरू होतो. तेवढ्या वेळा मी रेघ ओढते." मग खाली बघून म्हणाली, "घोरणं चालू असलं की मला अभ्यास सुचतो. बंद पडलं की नाही सुचत."

माझे वडील एक्कावन्नाव्या वर्षी झोपेतच गेले. 'काय भाग्याचं मरण!' असं गावानं म्हटलं होतं. मी सेहेचाळीस वर्षांचा होतो. ती वही मी मिटली आणि दुसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टाकला.

नांदेडच्या डॉक्टरांनी मला एक रात्र अंगभर वायरी लावून झोपवलं. तासाला सरासरी अडतीस वेळा श्वास अडतो असं त्या यंत्रानं लिहून दिलं. तीस ओलांडले की त्या आजाराला 'तीव्र' म्हणतात. साखर गोळ्यांना आणि इन्शुलिनला जुमानत नव्हतीच. डॉक्टर म्हणाले, "हैदराबादला जा आणि पोटाचं ऑपरेशन करून घ्या. जठराचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढतात, केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात."

हे ऐकून सौ. जी खुर्चीत बसली ती उठेचना. तिला २०१७ साल आठवलं. त्या वर्षी इजिप्तहून एमान अहमद नावाची बाई याच ऑपरेशनसाठी विमानानं मुंबईला आली होती आणि पाचशे किलो, पाचशे किलो म्हणून रोज पेपरात येत होतं. पुढं तिचं वजन नेमकं किती उतरलं यावरच डॉक्टर आणि तिची बहीण यांच्यात वाद झाला. त्याच वर्षी सप्टेंबरात ती बाई अबुधाबीत वारली. डॉक्टरांनी हिची समजूत घातली की त्या बाईचा आजार वेगळा, यांचा वेगळा. हे ऑपरेशन आता रोजचं झालंय. हिनं डोळे पुसले आणि विचारलं, "खर्च?" आकडा ऐकून मग मी खुर्चीत बसलो.

तेव्हा मला माझी पॉलिसी आठवली.

बँकेत हल्ली ठेवी आणि कर्जं यांच्या जोडीला विम्याच्या पॉलिसीही विकाव्या लागतात, आणि त्याचं टार्गेट असतं. सात-आठ वर्षांपूर्वी मार्च महिन्याच्या एकतीस तारखेला मला एक पॉलिसी कमी पडत होती. संध्याकाळी सहा वाजता किनवटमध्ये गिऱ्हाईक कुठून आणायचं? शेवटी ती मी स्वतःलाच विकली. टेबलाच्या या बाजूला बसून मी मला आरोग्य विम्याचं महत्त्व पटवलं आणि त्या बाजूला बसून मला ते पटलं. फॉर्मही मीच भरला. त्यात उंचीचा रकाना होता. मी माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं : १७० सें.मी.

बँकेचा सामूहिक विमा त्या वर्षी हिच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनवर खर्ची पडला होता. तेव्हा सगळी भिस्त या टार्गेटच्या पॉलिसीवर.

हैदराबादला माझी पुतणी असते. ती 'कोडिंग'मध्ये आहे असं आम्ही अभिमानानं सांगतो आणि ऐकणारा "कॉम्प्युटरमध्ये ना?" म्हणतो, त्यावर आम्ही "हो" म्हणतो. मलाही तसंच वाटत होतं. कृष्णा एक्स्प्रेसनं सिकंदराबादला उतरून तिच्या घरी गेल्यावर कळलं, की तिचं कोडिंग निराळं. अमेरिकेतल्या इस्पितळांचे केसपेपर तिच्याकडं येतात. ते वाचायचे, आणि त्यातल्या प्रत्येक रोगाला व प्रत्येक इलाजाला ठरलेला आकडा द्यायचा. त्या आकड्यांवर तिकडं बिलं निघतात. तिच्या वाट्याला नेमक्या वजन कमी करण्याच्या ऑपरेशनच्या फायली!

"म्हणजे तू खतावणी करतेस," मी म्हटलं. "व्हाउचर बघून कोणत्या खात्याला टाकायचं ते ठरवायचं."

"हो काका. फक्त आमच्याकडं खाती सत्तर हजारांवर आहेत."

मग तिनं मला त्या खात्यांची यादी दाखवली आणि माझा हैदराबादेतला पहिला दिवस फार सुखात गेला. कोंबडीनं टोचलं तर त्याला वेगळा आकडा. डुकरानं चावलं तर वेगळा. दिव्याच्या खांबावर आपटलात तर वेगळा. विचित्र पेहरावाला आर ४६.१. आणि सासरच्यांशी पटत नसेल तर त्यालाही आकडा आहे : झेड ६३.१! तो मी हिला दाखवला. ती म्हणाली, "आमच्याकडं एवढ्यासाठी कोण इस्पितळात जातंय?"

मुळात ही यादी सुरू झाली ती मरणाच्या कारणांची. पॅरिसच्या जाक बर्तियों नावाच्या माणसानं १८९३ साली ती तयार केली. १९४८ साली जागतिक आरोग्य संघटनेनं ती हाती घेतली आणि मेलेल्यांच्या जोडीला आजाऱ्यांनाही तीत जागा मिळाली. दहावी आवृत्ती १९९० साली मंजूर झाली. अकरावी २०२२ पासून अमलात आली आहे, पण बऱ्याच ठिकाणी अजून दहावीच चालू आहे. आमच्या बँकेतही नवं परिपत्रक आलं की जुनंच चालू राहतं, त्यामुळे मला नवल वाटलं नाही.

"आणि काका," ती म्हणाली, "फायलीत वजन दीडशे किलो दिसतंय, उंची दिसतेय, भागाकारही केलेला आहे, पण डॉक्टरनं स्वतः 'लठ्ठपणा' असं निदान लिहिलेलं नसलं तर मला तो आकडा टाकता येत नाही. डॉक्टरला विचारणा पाठवावी लागते. आमच्यात म्हणतात, जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही."

हे वाक्य मला परकं वाटलं नाही. चेकवर आकडी रक्कम एक आणि अक्षरी रक्कम दुसरी असली तर अक्षरी खरी धरावी, असं आमच्या १८८१ च्या कायद्याचं अठरावं कलम सांगतं. माणसाच्या मनात कोणती रक्कम होती हे कोणी विचारत नाही.

दुसऱ्या दिवशी इस्पितळात गेलो. नर्सबाईंनी काट्यावर उभं केलं : ९८ किलो. मग भिंतीशी उभं केलं. चप्पल काढा, टाच टेकवा, मान सरळ. वरून एक पट्टी डोक्यावर येऊन बसली. "एकशे पासष्ट," त्या म्हणाल्या.

अठरा वर्षांत कोणी असं तोंडावर बोललं नव्हतं. मी म्हटलं, "सिस्टर, जरा बघा. आमच्याकडं नोंद एकशे सत्तरची आहे. तीच लिहा."

पुतणीनं मागून माझा सदरा ओढला. बाहेर आणून म्हणाली, "काका, गप्प बसा! ते पाच सेंटिमीटर तुम्हाला परवडायचे नाहीत." तिनं मोबाइलवर भागाकार करून दाखवला. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागायचं, त्याला बी.एम.आय. म्हणतात. उंची एकशे सत्तर धरली तर ३३.९ येतात. एकशे पासष्ट धरली तर ३६. आणि पॉलिसीतल्या कलमाला निदान ३५ लागतात.

हा भागाकार केतले नावाच्या बेल्जियन गणित्यानं एकोणिसाव्या शतकात काढला. त्याला रोग्यांशी काही कर्तव्य नव्हतं. सरासरी माणूस कसा असतो एवढंच त्याला बघायचं होतं. बी.एम.आय. हे नाव तर त्याला १९७२ साली मिळालं, अँसेल कीज या अमेरिकन शास्त्रज्ञाकडून. पण या भागाकारात एक खुबी आहे : उंचीचा वर्ग होतो. म्हणजे मामांनी वाढवलेले दोन इंच नुसते दोन राहत नाहीत, ते व्याजावर व्याज चढावं तसे चढतात.

आता कलम. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणानं २०१९ साली सगळ्या कंपन्यांसाठी वगळणुकींची भाषा एकसारखी केली आणि प्रत्येक वगळणुकीला आकडा दिला. लठ्ठपणाचा आकडा सहा. म्हणजे इथंही मी एक आकडाच! या सहा क्रमांकात लिहिलंय की लठ्ठपणाच्या ऑपरेशनचे पैसे मिळणार नाहीत, मात्र पुढील सर्व अटी पुऱ्या झाल्यास मिळतील : डॉक्टरांचा सल्ला पाहिजे, ऑपरेशन वैद्यकीय नियमांत बसणारं पाहिजे, वय अठरा पूर्ण पाहिजे, बी.एम.आय. ४० किंवा वर पाहिजे. चाळीस नसेल तर ३५ किंवा वर, आणि जोडीला लठ्ठपणातून आलेला हृदयाच्या स्नायूंचा आजार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा आजार, झोपेत श्वास अडण्याचा तीव्र आजार, आटोक्यात न येणारा मधुमेह यांपैकी काहीतरी पाहिजे. आणि हे सगळं, वजन उतरवण्याचे साधे उपाय करून हरल्यावर.

फॉर्म गेला. आठ दिवसांनी कंपनीचं पत्र आलं. पत्र सभ्य होतं. पहिली विचारणा अशी की प्रस्तावपत्रात उंची १७० आणि इस्पितळाच्या कागदात १६५. तरी खुलासा करावा. मी पत्र दोनदा वाचलं. १७० खरी म्हटलं तर बी.एम.आय. पस्तिसाच्या खाली आणि क्लेम नामंजूर. १६५ खरी म्हटलं तर प्रस्तावपत्र खोटं, आणि ते भरणारा मी, ते तपासून घेणारा मी, खाली 'माझ्या समक्ष सही केली' असं लिहिणाराही मीच! इकडं आड, तिकडं विहीर, आणि दोन्ही मीच खणलेल्या.

दुसरी विचारणा त्याहून अवघड. साधे उपाय करून आपण अयशस्वी झालात, याचा लेखी पुरावा जोडावा.

माणूस यशाची प्रमाणपत्रं फ्रेम करून लावतो. अपयशाची कोण ठेवतो? आणि अपयशं तर माझ्याकडं ढीगभर होती. लिंबू-मध पाणी घेऊन झालं होतं. पहाटे पैनगंगेपर्यंत चालणं झालं होतं. येताना गरम भज्यांचं हॉटेल लागायचं, त्यामुळे जाण्यापेक्षा येण्याला वेळ जास्त. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांची दोनदाच जेवायची मोहीम महाराष्ट्रभर गाजली, तेव्हा मीही सामील झालो होतो. जेवण पंचावन्न मिनिटांत संपवायचं असतं. पुष्कळांना त्यानं गुण आला; मी ती पंचावन्न मिनिटं एकही वाया न घालवता वापरली, यात त्यांचा काय दोष? पण यातल्या कशाचाच कागद नव्हता. जे लिहिलेलं नाही ते घडलेलंच नाही!

शेवटी हिला आठवलं, की नांदेडच्या एका आहारतज्ज्ञ बाईंकडं मी तीन महिने जात होतो. त्यांची फाइल होती. घर पालथं घातलं. फाइल सापडली ती स्वयंपाकघरात. मसाल्याच्या डब्यांखाली फळीवर तिचे कागद अंथरले होते. हळदीचे डाग पडले होते, पण त्यामधून अक्षरं स्पष्ट दिसत होती : पहिल्या भेटीत ९६, दुसऱ्या भेटीत ९६.५, तिसऱ्या भेटीत ९७. खाली बाईंचा शेरा होता, 'आहार पाळला जात नाही असे वाटते.' त्या दिवशी मला त्या शेऱ्याचा राग आला होता. आता तो मी डोक्याला लावला.

या धामधुमीत डिसेंबर उजाडला आणि आमच्या काउंटरवर मामा आले. हे मामा माझे नव्हेत, अख्ख्या बँकेचे. रेल्वेत गँगमन होते. आमची मुदखेड-आदिलाबाद लाइन मीटरगेज होती तेव्हापासून त्यांनी तिच्यावर घण मारले. दर नोव्हेंबरात ते हयातीचा दाखला द्यायला येतात आणि दर नोव्हेंबरात यंत्र त्यांचा अंगठा नाकारतं, कारण त्या अंगठ्यावर रेघाच उरलेल्या नाहीत. या खेपेला मी त्यांना दोनदा परत पाठवलं होतं. "उद्या या, परवा या, हात तेल लावून धुऊन या." गावाहून यायला त्यांना अर्धा दिवस लागायचा. नोव्हेंबर संपला होता, आणि पेन्शन अडकलं होतं.

मामांनी काउंटरवर दोन्ही हात ठेवले. "सायब, एक डाव सांगून टाका. म्या जित्ता हाव का न्हाई?"

एरवी मी म्हणालो असतो, 'मामा, तुम्ही जिवंत आहात हे मला दिसतंय, सिस्टीमला दिसत नाही.' हे वाक्य मी वर्षानुवर्षं वापरत आलोय आणि त्यावर रांगेतले लोक हसतात. त्या दिवशी ते तोंडातून निघेना. माझ्या ड्रॉवरमध्ये कंपनीचं पत्र होतं. मी रोज रात्री तासाला अडतीसदा मरत होतो हे माझ्या पोरीला दिसत होतं, कंपनीला दिसत नव्हतं.

मी उठलो. मामांना आत खुर्चीवर बसवलं. अंगठ्याऐवजी चेहरा दाखवून दाखला काढायची सोय सरकारनं २०२१ सालीच केलेली आहे. त्याचं परिपत्रक मी स्वतः फाइलला लावलं होतं. माझ्या मोबाइलवर ते ॲप घेतलं, मामांना म्हटलं डोळे मिचकवा. तिसऱ्या मिचकावणीला दाखला निघाला. एकूण दहा मिनिटं. एवढी दहा मिनिटं मला तीन वर्षांत सापडली नव्हती!

मामा म्हणाले, "निस्तं डोळं मिचकवायचं हुतं? मंग अदुगर का न्हाई सांगितलं?"

याला मी काय उत्तर देणार? चहा मागवला.

त्याच संध्याकाळी मी खुलासा लिहायला बसलो. पुतणीनं फोनवर दोन गोष्टी सांगितल्या. एक : पॉलिसी सलग पाच वर्षं चालली की प्रस्तावपत्रातल्या चुकीसाठी कंपनीला क्लेम नाकारता येत नाही; फसवणूक सिद्ध झाली तर गोष्ट वेगळी. २०२४ पासून ही मुदत आठावरून पाचावर आलीय. दुसरी : "काका, काही सजवू नका. जे आहे ते लिहा, मोजलेलं लिहा, आणि प्रत्येकाचा कागद जोडा." मी लिहिलं की उंची १६५ आहे, प्रस्तावपत्रातली अंदाजानं लिहिली होती. झोपेच्या तपासणीचा कागद जोडला, साखरेचे दोन वर्षांचे कागद जोडले, हळदीची फाइल जोडली. मुलीची वही मी हातात घेतली होती. पण रेघांना कुठला क्रमांक नव्हता, ती परत ठेवली.

कंपनीनं शपथपत्र मागितलं. तहसील कचेरीसमोरच्या टायपिस्टकडं गेलो. तो म्हणाला, "साहेब, पोलीस भरतीला पोरं येतात ती उंची वाढवून मागतात. कमी करून मागणारे तुम्ही पहिलेच बघायलो." मग आकडा वाचून म्हणाला, "बरोबर एकशे पासष्ट? मग तर भरतीत बसला असता की!" मी त्याला छाती मोजू दिली नाही. बाँड पाचशेचा लागला. दोन इंचांना पाचशे, म्हणजे इंचाला अडीचशे रुपये. माझ्या सूचनेवरून त्यानं आकडी लिहून पुढं अक्षरीही टाइप केलं : एकशे पासष्ट सेंटिमीटर फक्त.

मंजुरी आली. २०२५ च्या जानेवारीत ऑपरेशन झालं. त्याबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडं काही नाही, कारण त्या वेळी मी झोपलो होतो, आणि या खेपेला माझे श्वास मोजायला पगारी माणूस होता. नंतरचे दिवस मात्र लक्षात आहेत. पंधरा दिवस नुसतं पातळ. मग दोन चमचे वरण-भात, आणि तेवढ्यानं पोट तुडुंब. धपाट्यांच्या वासावर मी महिनाभर जगलो. जीवनसत्त्वांच्या गोळ्या आता जन्मभर आहेत. डिस्चार्जच्या कागदावर पुतणीनं एक शब्द बदलून मागितला. तिथं नुसतं 'वजन घटवण्यासाठी' असं लिहिलं होतं. तिनं डॉक्टरांना दाखवलं, आणि त्यांनी निदान पूर्ण लिहिलं, मधुमेह आणि श्वासाच्या आजारासकट. मग घरी तिनं गंमत म्हणून माझी अमेरिकन खतावणी केली : ई ६६.८१२, झेड ६८.३६, ई ११.६५, जी ४७.३३. चार आकड्यांत आख्खा काका! आणि खाली, यापुढं माझ्या प्रत्येक केसपेपरवर राहील असा पाचवा : झेड ९८.८४. म्हणजे वजनाचं ऑपरेशन झालेला माणूस.

पुढल्या नोव्हेंबरात मामा आले, तेव्हा मी चौऱ्याहत्तर किलोंवर होतो. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं, आणि काळजीनं विचारलं, "सायब, लई वाळलात. बिमारी हाय काय?" मी म्हटलं, "होती." त्यांनी डोळे मिचकवले, दाखला घेतला आणि जाताना म्हणाले, "तुमचाबी एक काढून ठेवा."

मुलीची वही आता कपाटात आहे. उन्हाळ्यात एकदा चाळली. फेब्रुवारीनंतर रेघा विरळ होत गेलेल्या, एप्रिलच्या मध्यापासून पानं कोरी. एवढी सुंदर कोरी पानं मी बँकेच्या चाळीस रजिस्टरांत पाहिली नाहीत.

हिला मी एकदा उंचीची सगळी हकीकत सांगून टाकली. ती शांतपणे म्हणाली, "मला अंतरपाट खाली आला तेव्हाच कळलं होतं."

"मग बोलली का नाहीस?"

"कुठं नोंद करायची होती?"

आता त्या पुतणीच्या लग्नाचं बघणं चालू आहे. बायोडाटा लिहायचं काम घरातला बँकवाला म्हणून माझ्याकडं आलं. दादा म्हणाले, "पोरीची उंची पाच-एक आहे. पाच-तीन लिही. पोराकडचे दोन वजा करतात." पुतणीनं टेप आणून माझ्या हातात ठेवला आणि टाचा टेकवून भिंतीशी उभी राहिली. मी मोजली आणि आहे तेवढी लिहिली.

परवा एका ठिकाणाहून फोन आला. मुलाचे वडील होते. म्हणाले, "स्थळ चांगलं वाटतंय. फक्त एक विचारायचं होतं, उंचीच्या रकान्यात छापण्याची काही चूक झालीय का? इतकी कमी कुणी लिहीत नाही."

मी म्हटलं, "चूक नाही साहेब. पुढं वाचा, कंसात अक्षरी पण लिहिलीय : एकशे पंचावन्न सेंटिमीटर फक्त."